बारा नंबरचा पाय

कोर्टातल्या शिपायापासून मोठमोठ्या वकिलांपर्यंत सगळे तिला पाठीमागे चाळणीबाई म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिची त्याला हरकत नव्हती. काम चाळण्याचंच होतं. एखाद्याचं दिवाळं निघालं की त्याचं दुकान, यंत्रं, माल, येणी, सगळं न्यायाधीश एका व्यवस्थापकाच्या हाती सोपवत. त्यानं ते सांभाळायचं, विकायचं आणि हाती येईल ते धनकोंमध्ये ज्याच्या त्याच्या हिश्शानं वाटायचं. आणि त्या व्यवस्थापकावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची ती तपासनीस बाईनं. दर तीन महिन्यांनी व्यवस्थापकांचे अहवाल तिच्या टेबलावर येत. चांगला अहवाल वाचताना तिचा चेहरा कोरा असे. वाईट वाचताना ती पेन्सिलीचं मागचं टोक दातांत धरी, आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून मनात म्हणे, आज कुणाचं तरी काही खरं नाही.

त्या सोमवारी पेन्सिल बराच वेळ दातांत होती.

फाईल कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका मिस्त्रीची होती. तीस वर्षं त्यानं तोच धंदा केला होता. अपघातात, आजारात पाय गमावलेली माणसं त्याच्याकडे यायची. हा त्यांच्या तुटलेल्या पायाच्या उरल्या भागाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि त्या साच्यावरून नेमका बसेल असा पाय घडवायचा. हात सोन्याचा, पण वसुलीचं नाव नको. निम्मे पैसे आगाऊ घ्यायचा आणि उरलेले मागायला याची जीभच रेटायची नाही. त्यात कर्ज काढून एक मोठी भट्टी घेतली, पाठोपाठ पाठीचं दुखणं निघालं, सहा महिने अंथरुणाला खिळला आणि कारभार कोलमडला. कारखान्यात एकोणीस अर्धवट पाय पडून होते. व्यवस्थापक म्हणून न्यायाधीशांनी नेमलं ते एका निवृत्त औषधविक्रेत्याला. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेले, हिशेबाला पक्के, शब्दाला गोड. कोर्टात सगळे त्यांना औषधवाले काका म्हणत.

अहवाल सुबक अक्षरात होता. पण आठ महिने झाले तरी कारखाना विकलेला नव्हता, एका कामगाराची रोजंदारी चालू होती, आणि भंगार म्हणून यादीत असलेल्या एकोणीस पायांपैकी चौदांपुढे आता वेगवेगळ्या तारखा पडल्या होत्या. पुढं बारीक शब्दांत लिहिलं होतं, 'पूर्ण करून दिला.'

कुणाच्या परवानगीनं? कागदात कुठंच नव्हतं.

दुपारी त्याच फाईलमधला एक धनको तक्रार घेऊन येऊन उभा राहिला. चामड्याचा व्यापारी, पोट सुटलेला, हातात गुंडाळलेली टोपी. मिस्त्रीला पट्ट्यांचं चामडं वर्षानुवर्षं उधारीवर देणारा तोच.

"बसा शेठ," ती म्हणाली.

"बसायला वेळ नाही, बाई. मला एवढंच सांगा, माझे पैसे मला कधी मिळणार? दुकान बंद म्हणता आणि आत ठोकाठोक ऐकू येते. परवा मी स्वतः गल्लीतून गेलो. आत कोण होतं माहीत आहे? तोच!"

"तोच म्हणजे?"

"मिस्त्री! ज्याचं दिवाळं निघालंय तोच! आपल्याच स्टुलावर बसून काम करत होता. म्हणजे दिवाळं माझं निघालं आणि धंदा त्याचा चालू, असंच ना?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. असले प्रकार तिनं पाहिले होते. व्यवस्थापक आणि नादार माणूस आतून एक होतात, धनकोंना झुलवत ठेवतात, आणि मधल्या काळात माल हळूच मागच्या दारानं निघून जातो.

"लेखी द्या," ती म्हणाली. "उद्या मी बघते."

आणि हे 'बघते' नुसतं तोंडदेखलं नव्हतं. त्यामागं एक जुनी गोष्ट होती. बावीस वर्षांपूर्वी, ती नवी कारकून असताना, एका बंद पडलेल्या बेकरीचा कारभार अशाच एका सज्जन गृहस्थाकडे होता. येताना तिच्यासाठी फुलं आणायचा. तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. त्याच्या अहवालातली एक तारीख तिला खटकली होती, पण एवढ्या भल्या माणसाला कसं विचारायचं म्हणून तिनं कानाडोळा केला. वर्षाअखेरीला तिजोरी रिकामी निघाली. बेकरीत पीठ मळणाऱ्या बायकांची सहा महिन्यांची मजुरी त्यात गेली. त्यातली एक बाई पुढं कितीतरी दिवस कोर्टाच्या पायऱ्यांवर येऊन बसायची. काही मागायची नाही, नुसती बसायची. तेव्हापासून कुणी गोड बोललं की चाळणीबाईची भोकं आणखी बारीक व्हायची.

मंगळवारी दहा वाजता, न कळवता, ती कारखान्यावर पोचली.

दुकानांच्या रांगेमागची अरुंद गल्ली, तिच्या टोकाला पत्र्याचं मोठं दार. आत शिरल्याबरोबर प्लास्टरचा ओलसर वास आला. भिंतीला लागून फळ्यांवर साचे मांडलेले होते, प्रत्येकावर निळ्या खडूनं नंबर. मधोमध चालायचा सराव करण्यासाठी दोन समांतर दांडे आणि त्यांच्या टोकाला माणसाच्या उंचीचा आरसा. खिडकीपाशी मिस्त्री एका पायाची खोबण आतून घासत बसला होता. वाळलेला, गोरा, पाठीला रुंद पट्टा आवळलेला. तिला पाहून त्यानं कानस खाली ठेवली, उभा राहायला गेला आणि कळ आल्यानं परत बसला.

औषधवाले काका आतल्या टेबलावरून लगबगीनं पुढं आले. "या, या! आधी कळवलं असतंत तर—"

"कळवलं असतं तर तपासणी कसली, काका? वह्या काढा."

त्यांनी निमूट वह्या काढल्या. ती खुर्ची ओढून बसली आणि पहिला प्रश्न मिस्त्रीकडे बघतच विचारला. "हे इथं काय करतायत?"

"रोजंदारीवर आहेत. दिवसाची मजुरी, बास. वरचा एक पैसाही त्यांना जात नाही. मी पाहिलं बाई, हे पाय भंगारात घातले तर किलोवर जातील. दुसऱ्या कुणाला ते बसत नाहीत, ज्याचं माप त्यालाच. पण पुरे केले तर माणसं उरलेले पैसे देऊन घेऊन जातात. आगाऊ तर त्यांनी आधीच भरलेत. चौदा दिले, पाच राहिलेत. आणि ते पुरे करणारा या गावात दुसरा आहे कोण?"

"हे तुम्ही कोर्टाला का नाही विचारलंत?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "अर्ज लिहिला होता. मग वाटलं, सुनावणीला दोन महिने जातील, तोवर लोक कुबड्यांवर. म्हटलं, करून टाकू, पैसे आले की कोण कशाला विचारतंय."

"मी विचारतेय."

तिनं एकेक पाय तपासायला घेतला. वहीतला नंबर, फळीवरचा साचा, पोचपावती, बँकेतला भरणा. तासभर मिस्त्री हात मांडीवर ठेवून शाळेतल्या पोरासारखा बसून होता. एक जुळलं, दोन जुळलं. लोकांनी पैसे दिले होते ते कुठं तीन हप्त्यांत, कुठं चेकनं, एका बाईनं तर सुटी नाणी पिशवीत भरून. हे खरं वाटत होतं. खऱ्या व्यवहाराला असाच ओबडधोबडपणा असतो.

बारा नंबरपाशी तिचं बोट थांबलं. इथं रक्कम एकरकमी, रोख, पैन् पै. आणि मिस्त्रीच्या जुन्या वहीत त्याच माणसापुढं लिहिलं होतं, 'सायकल दुरुस्ती, रस्त्यावर बसतो. आगाऊसुद्धा पुरतं दिलं नाही, सावकाश देईल.'

"ज्याला आगाऊ जमलं नाही त्याला उरलेलं सगळं एका दिवशी कसं जमलं?"

काकांचे कान हळूहळू लाल झाले. "दिलं त्यानं. पावती आहे ना."

"पावतीवर सही त्याची, पण बाकीचं सगळं अक्षर तुमचं."

"मीच लिहितो सगळ्या पावत्या."

"पाय कुठाय?"

"त्याच्याकडे."

"मिस्त्री, तुम्ही सांगा. पैसे तुमच्यासमोर दिले?"

मिस्त्रीनं काकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मी पाय बसवून दिला, बाई. पैशाचं मला काही विचारू नका. पैशाचं मला कळत असतं तर ही वेळ कशाला आली असती?"

कुठंतरी पाणी मुरत होतं. तिनं वह्या आपल्या पिशवीत घातल्या, उठली आणि हात पुढं केला. "किल्ल्या."

"बाई, फक्त एवढा आठवडा—"

"सुनावणी होईपर्यंत कारखाना बंद. किल्ल्या द्या, काका."

त्यांनी दिल्या. तेवढ्यात दारात कुबड्यांचा आवाज आला. चाळिशीची एक बाई, खांद्याला पिशवी, पिशवीतून तपासायच्या वह्यांचा गठ्ठा डोकावत होता. ती शाळेत गणित शिकवत असे, आणि मिस्त्री घासत होता ती खोबण तिचीच होती. आज बसवून बघायचा दिवस होता.

"काय झालं? सगळे असे उभे का?"

तपासनीस बाईनं आपण कोण ते सांगितलं आणि कारखाना आज बंद होतोय हेही सांगितलं.

"बंद म्हणजे?" गणिताच्या बाईंनी टेबलावरच्या पायाकडे बोट केलं. "तो माझा आहे. त्याचे पैसे भरलेत मी. शाळा उघडायला बारा दिवस राहिलेत, आणि माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे."

"तुमचं बरोबर आहे. पण आता इथून काहीही बाहेर जाणार नाही."

"घालून तरी बघू द्या. इथंच. बाहेर नेत नाही."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. मिस्त्रीनं नकळत पाय उचलून मांडीवर घेतला होता. तिला हो म्हणता आलं असतं. पण एकदा हात लागला की पाय पुरा झाला की नव्हता यावर उद्या वाद होणार, आणि एक अपवाद केला की पुढचे चार मागोमाग येणार, हे ती अनुभवानं जाणत होती.

"नाही," ती म्हणाली.

गणिताच्या बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं सोपं उदाहरण चुकवणाऱ्या मुलीकडे बघावं, आणि वळून निघून गेल्या. गल्लीतून कुबड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

घरी नवरा स्वयंपाकघरात गाजरं किसत होता. आयुष्यभर सरकारी नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. गाजरंसुद्धा मोजपट्टी लावल्यासारखी किसायचा. तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि चप्पलसुद्धा न काढता बसली.

"आज कुणाला चाळलंस?"

"चेष्टा नको हो." तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, किसणी मात्र चालूच.

"मग तुला वाटतं तरी काय? चोर आहे म्हातारा?"

"पावती खोटी आहे, एवढं नक्की. पायाच्या बदल्यात काय घेतलं, कुणासाठी घेतलं, कळत नाही. पैसे तर बँकेत भरलेत. पूर्ण."

"म्हणजे पैसे जास्त निघाले? कमी नाही?"

"तेच तर! चोरी होते तेव्हा कमी पडतात. इथं पुरे आहेत, आणि पुरे असायला नको होते."

नवऱ्यानं किसणी खाली ठेवली. "नकाशात नदी चुकली तर आम्ही टेबलावर बसून डोकं खाजवत नव्हतो. जाऊन नदी बघून यायचो."

"मी तेच करणार होते."

"मग माझ्यावर का ओरडतेस?"

"ओरडतेय का मी?"

"चप्पल काढ आधी," तो म्हणाला.

सायकल दुरुस्त करणारा सापडायला वेळ लागला नाही. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर, भिंतीला टेकवलेली चार चाकं, पाण्याची पसरट घमेली आणि हवा भरायचा पंप. माणूस पस्तिशीचा, दाढी वाढलेली, पंपावर एक पाय रोवून उभा. पँटच्या डाव्या पायाची घडी घोट्याशी जरा जास्तच सरळ पडत होती. तिनं ओळख सांगितल्यावर त्यानं हात फडक्याला पुसले आणि खोका पुढं सरकवला.

"बसा. पाय परत न्यायला आलात का?"

"नाही. एवढंच विचारायचंय, याचे पैसे तुम्ही कधी दिलेत?"

त्यानं आधी एका मुलीच्या सायकलीत हवा भरली, ती गेली, मग म्हणाला, "काका अडचणीत येतील का?"

"खरं सांगाल तर कमी येतील."

"मी नाही दिले. माझ्याकडे होतेच कुठं? पाय तयार आहे असा निरोप आला तेव्हा मी गेलो आणि सरळ सांगितलं, राहू द्या, मला परवडत नाही. काका म्हणाले, बसवून तर बघ. मी बसवला. त्या दांड्यांना धरून दोनदा चाललो. मग त्यांनी एक कोरी पावती पुढं केली, म्हणाले, इथं सही कर, तुझा हिशेब मिटला. मी म्हटलं, कुणी मिटवला? तर म्हणाले, जास्त बडबड करू नकोस, चालून दाखव."

"चालायला कसा आहे?"

हा प्रश्न अहवालासाठी लागत नव्हता. तिनं विचारला खरा.

"पूर्वी बसूनच काम करायचो. आता पंप उभ्यानं मारतो." त्यानं खांदे उडवले. "दुखतो संध्याकाळी. मिस्त्री म्हणाले होते, एक महिन्यानं ये, आतून जरा घासून देतो. गेलो तर दाराला तुमचं कुलूप."

परत येताना तिच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं होतं, आणि त्याच वेळी तिला काकांचा सपाटून राग आला होता. चोर निघाले असते तर काम सोपं होतं.

दुपारी तिनं त्यांना बोलावून घेतलं. ते टेबलासमोर बसले, हातातली छत्री गुडघ्यांत धरून.

"स्वतःच्या खिशातून भरलेत," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली.

"का?"

"पाय तयार होता, बाई. दुसऱ्या कुणाला बसला नसता. तसाच दिला असता तर वहीत लिहावं लागलं असतं, उरलेले पैसे सोडून दिले. धनकोंचे पैसे सोडणारा मी कोण? म्हणून म्हटलं, त्यांचं नुकसान नको, मीच भरतो. आणि माझ्या नावानं भरले असते तर तुम्ही विचारलं असतं, व्यवस्थापक आपले पैसे यात का घालतोय?"

"विचारलंच असतं."

"म्हणून घाबरलो आणि त्याचं नाव लिहिलं."

"काका, तुम्ही औषधाच्या बाटलीवर दुसऱ्याच औषधाची चिठ्ठी चिकटवली असती का कधी? आतलं औषध चांगलं आहे म्हणून?"

काकांनी मान खाली घातली. "नाही," ते म्हणाले. "ते नसतं केलं."

अहवाल लिहायला तिला दोन दिवस लागले. तिनं काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. परवानगी न घेता काम चालू ठेवलं. नादार माणसाला त्याच्याच कारखान्यात आत घेतलं. बारा नंबरची पावती खोटी आहे. मग तितक्याच कोरड्या शब्दांत पुढचं लिहिलं: चौदा पायांपोटी जमा झालेली रक्कम भंगाराच्या अंदाजाच्या नऊपट आहे; मजुरी वजा जाताही धनकोंचा फायदाच आहे; व्यवस्थापकानं स्वतःसाठी काही घेतल्याचं दिसत नाही. 'दिसत नाही' या शब्दांवर ती थोडा वेळ थांबली. मग ते खोडून 'घेतलेलं नाही' असं केलं आणि खाली सही केली.

सुनावणीला खोली अर्धी भरली होती. न्यायाधीश हळू आवाजात बोलणारे, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसावंच लागे. त्यांनी अहवाल वाचून दाखवला. काकांनी सगळं कबूल केलं. मग चामड्याचे व्यापारी उठले.

"साहेब, मला एक विचारायचंय. दया करायला माझी ना नाही. पण पैसे कुणाचे होते? आमचे. मजुरी कुणाच्या पैशातून गेली? आमच्या. फायदा झाला हे आज कळलं. तोटा झाला असता तर? माझ्या घरी दोघांची कॉलेजची फी थकली आहे. मी काही पाय तोडून न्या म्हणत नाही. पण आम्हाला एकदा विचारायला काय झालं होतं?"

तपासनीस बाईला वाटलं, इतक्या वर्षांत आपल्या कामाचा मतलब इतक्या थोड्या शब्दांत कुणी सांगितला नव्हता, आणि सांगितला तो या टोपी गुंडाळणाऱ्या माणसानं.

"बरोबर बोललात," न्यायाधीश म्हणाले. "आता विचारू."

त्यांनी आठ दिवसांत धनकोंची सभा बोलावली. प्रश्न एकच: राहिलेले पाच पाय मिस्त्रीकडून रोजंदारीवर पुरे करून घ्यायचे की आहे तसं सगळं विकून टाकायचं? सभा कोर्टाच्याच एका खोलीत झाली. भट्टीसाठी कर्ज देणाऱ्या पेढीचा माणूस, प्लास्टरवाला, जागेचे मालक, वीज कंपनीचा प्रतिनिधी, आणि शेठ. तिनं आकडे मांडले आणि बाजूला बसली. मत द्यायचा तिला अधिकार नव्हता. चार हात पुरे करण्याच्या बाजूनं वर गेले. शेठचा हात खालीच राहिला.

"विरोध म्हणून लिहू का?" तिनं विचारलं.

"लिहा. मला लवकर हवेत पैसे, पाय पुरे व्हायला महिना जाईल. पण बहुमत झालं ते झालं." मग जाता जाता म्हणाले, "पट्ट्यांना चामडं लागलं तर सांगा. या वेळी रोखीनं."

न्यायाधीशांनी हुकूम दिला. झाल्या कामाला आता मंजुरी, पण काकांचा त्या तिमाहीचा मेहनताना कापला. बारा नंबरची पावती रद्द करून खऱ्या माणसाच्या नावानं नवी करायची. काकांनी आपखुशीनं भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. हे ऐकताच काका म्हणाले, "मागतोय कोण?" आणि न्यायाधीशांनी चष्म्यावरून असं पाहिलं की ते पटकन खाली बसले. कारखान्याला दोन कुलपं लावायची, एक किल्ली काकांकडे, दुसरी तपासनीस बाईकडे. म्हणजे महिनाभर दर कामाच्या दिवशी सकाळी तिला गल्लीत जावं लागणार होतं.

पहिल्याच दिवशी गणिताच्या बाई आल्या. शाळा उघडून आठवडा झाला होता.

"वर्ग खाली आणला का?" तपासनीस बाईनं विचारलं.

"नाही. खाली जागा नाही. मुलं वर, मी खालच्या खोलीत, आणि दुसऱ्या बाई माझे तास घेतात. त्यांना अपूर्णांक येत नाहीत."

"मला वाईट वाटतं त्याचं."

"वाटू द्या," गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, पण माफीही नव्हती.

मिस्त्रीनं त्यांना दांड्यांमध्ये उभं केलं. गुडघ्यांवर बसून पट्टे आवळले, एक छिद्र सोडलं, परत आवळले. "वजन टाका. भिऊ नका. अजून. कुठं टोचतंय?" "आतल्या बाजूला." त्यानं पाय काढला, कानशीनं चार हात मारले, फुंकर घातली, परत चढवला. असं पाच वेळा. हिशेबाच्या वहीपुढं भांबावणारा हा माणूस इथं एका बोटाच्या स्पर्शानं कुठं केसभर जाडी आहे ते ओळखत होता. सहाव्या वेळी गणिताच्या बाई आरशापर्यंत चालत गेल्या, स्वतःकडे न बघता वळल्या आणि परत आल्या.

"जिना आहे का इथं?" त्यांनी विचारलं.

जिना नव्हता. मिस्त्रीनं लाकडी खोके रचून तीन पायऱ्या केल्या. त्या चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. वर उभ्या राहून तपासनीस बाईला म्हणाल्या, "कुठं सही करायची?"

तिनं वही वर धरली.

पाचही पाय महिन्याच्या आत गेले. सायकलवालाही एकदा येऊन आतून घासून घेऊन गेला. त्यानं थोडे पैसे टेबलावर ठेवले, आणि काकांनी वही तपासनीस बाईकडे सरकवली. तिनं त्याच्या नावानं खरी पावती केली. मग भट्टी विकली, जागा मालकाला परत गेली. धनकोंना सगळं मिळालं नाही, तसं कधीच कुणाला मिळत नाही; पण निम्म्याहून बरंच जास्त मिळालं. शेठनं आपला चेक उजेडात धरून पाहिला आणि घडी करून टोपीत ठेवला. मिस्त्रीला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली. पगार महिन्याच्या महिन्याला, वसुली करणारे दुसरे. तो म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदाच नुसतं काम करतोय.

वर्षाच्या शेवटी न्यायाधीशांनी तिला आत बोलावलं. पुढच्या वर्षासाठी व्यवस्थापकांची यादी करायची होती. त्यांनी यादीवर औषधवाल्या काकांच्या नावापाशी पेन टेकवलं.

"यांचं काय करायचं? खोटी पावती करणारा माणूस यादीत ठेवावा का? तुमचं मत सांगा."

खिडकीतून कोर्टाच्या पायऱ्या दिसत होत्या. उन्हात दोनचार माणसं बसली होती, कुणी वकिलाची वाट बघत, कुणी उगीचच. आपल्या हातून पुन्हा एकदा भलं वागणं आणि खरं वागणं यांची गल्लत होतेय का, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर पूर्ण खात्रीचं आलं नाही. पण काकांनी मान खाली घालून म्हटलेलं ते 'नाही, ते नसतं केलं' तिला खरं वाटलं होतं, आणि मागच्या महिन्यात त्यांनी एका दोन ओळींच्या किरकोळ परवानगीसाठी तीन पानी अर्ज पाठवला होता, हेही तिनं पाहिलं होतं.

"ठेवा, साहेब," ती म्हणाली. "फक्त त्यांच्या फायली माझ्याकडेच येऊ द्या."